शाळेच्या वाटेवरचा चौक

"नीट जा, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांड." शाळा सुरू झाल्या की खानदेशातल्या घराघरांत सकाळी दाराशी हे वाक्य ऐकू येते. अम्मी म्हणते, दादी म्हणते, डबा हातात देताना फुफी म्हणते. मूल मान हलवते, दप्तर पाठीवर टाकते आणि निघते. सांगणाऱ्याच्या मनाचे समाधान होते. पण ज्या चौकातून ते मूल जाणार आहे तो चौक कसा आहे, तिथे उभे राहून त्याने अगदी नीट पाहिले तरी त्याला दिसते काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. या महिन्यात तो करू या.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मुलांना सावध राहायला शिकवणे गरजेचे आहे, पण तेवढे पुरत नाही. आठ वर्षांचे मूल कधी ना कधी चुकणारच. चेंडू घरंगळेल, पलीकडून मैत्रीण हाक मारेल, घंटा ऐकू येईल आणि ते धावत सुटेल. चौक असा हवा की त्या एका चुकीची किंमत जीव देऊन चुकवावी लागू नये. असा चौक आपोआप होत नाही. तो मागावा लागतो, आणि मागताना आपल्या वाट्याचे कामही करावे लागते.

जळगाव शहराचेच पाहा. सुरतेकडून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शहराच्या मधून जातो. इतकी वर्षे आपण त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत आलो, आज त्याचा क्रमांक ५३ आहे. बांभोरीचा गिरणा पूल ओलांडला की खोटेनगर, प्रभात चौक, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली असे करत तो भुसावळकडे निघतो. त्याच्या एका अंगाला जुने शहर, बाजार आणि स्टेशन. दुसऱ्या अंगाला तांबापुरा, मेहरूण आणि नंतर वाढत गेलेल्या कॉलन्या. म्हणजे घर एका बाजूला आणि शाळा, दवाखाना, बाजार दुसऱ्या बाजूला अशी हजारो कुटुंबांची स्थिती आहे. केळीचे ट्रक, वाळूचे डंपर, लांब पल्ल्याचे कंटेनर आणि दप्तर घेतलेली मुले, सगळे एकाच रस्त्यावर येतात.

महामार्गाला समांतर रस्ते हवेत, ही जळगावकरांची मागणी फार जुनी. त्यासाठी निवेदने दिली गेली, उपोषणे झाली, लोक रस्त्यावर उतरले. शहरातल्या भागाचे चौपदरीकरण झाले तेव्हा प्रभात चौकासारख्या ठिकाणी भुयारी मार्ग आला आणि तिथे गाड्या वरून, माणसे खालून अशी वाट सुटी झाली. आकाशवाणी, इच्छादेवी आणि अजिंठा चौफुली या चौकांत मात्र गोल सर्कल आले. सर्कलमुळे गाड्या एकमेकींवर आदळण्याचा धोका कमी होतो, हे खरे. पण सर्कलमध्ये सिग्नलसारखा थांबा नसतो. गाड्या सावकाश का होईना, वाहतच राहतात. गाडीवाल्याला ते सोयीचे, पायी चालणाऱ्याला अवघड. पायी जाणाऱ्याची वेगळी व्यवस्था केली नसेल, तर "आता तू जा" असे त्याला सांगणारा क्षण तिथे येतच नाही. मोठा माणूस हात दाखवून घुसतो. मुलाने काय करायचे?

धुळ्याची गोष्ट फार वेगळी नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यातच एकमेकांना भेटतात. चाळीसगाव चौफुली आणि पारोळा चौफुली ही नावे धुळेकराला सांगावी लागत नाहीत. शहरात आग्रा रोडवर बाजार, रिक्षा, लोटगाड्या आणि शाळकरी मुले यांची रोजची कोंडी. आणि शहराबाहेर काय होऊ शकते ते शिरपूर तालुक्यातल्या पळासनेर इथे ४ जुलै २०२३ रोजी सगळ्या देशाने पाहिले. महामार्गावरून भरधाव आलेला एक कंटेनर वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जणांचा जीव गेला, वीसच्या वर जखमी झाले. बसची वाट पाहत थांब्यावर उभी असलेली माणसे त्याच्या तडाख्यात सापडली. ती रस्ता ओलांडतही नव्हती. नीट उभी होती. सावधपणा त्यांच्या काय कामी आला असता?

देशाचा हिशेब याहून मोठा आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत १८ वर्षांखालची मुले ९,५२८ होती. म्हणजे रोज सव्वीस. रोज एका वर्गातली मुले कमी होतात असे समजा. साथीच्या रोगाने एवढी मुले गेली असती तर घरोघरी लसीकरणाची पथके आली असती. रस्त्यावर जाणाऱ्यांसाठी आपण "त्याची वेळ भरली होती" म्हणतो आणि दफनविधी आटोपून घरी येतो. तकदीरवर आपला विश्वास आहे. पण उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. ती कुठल्याही अपघाताच्या नोंदीत येत नाही. मोहल्ल्यातली शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. पुढची शाळा हायवेच्या पलीकडे. मुलगा असेल तर सायकल घेऊन दिली जाते. मुलगी असेल तर घरात चर्चा सुरू होते. रिक्षाचे पैसे महिन्याला किती, तिला सोडायला कोण जाणार, अब्बू पहाटेच कामावर निघतात, अम्मीला घरची कामे, दादा ट्रक बघून घाबरतात. शेवटी "राहू दे, घरीच राहील" असा निर्णय होतो. त्या मुलीला कुणी धडक दिलेली नसते, तरी तिची शाळा त्या चौकातच संपलेली असते. मुलींच्या शिक्षणाबद्दल आपण जलशांत भाषणे ऐकतो. एखाद्या चौकातला सुरक्षित पट्टा कधी कधी त्या भाषणांपेक्षा जास्त मुलींना दहावीपर्यंत पोचवू शकतो.

आता थोडा हिशेब मांडू. तो पाचवीतल्या मुलालाही करता येईल. दोन पदरी रस्ता साधारण सात मीटर रुंद असतो. लहान मूल सेकंदाला एक मीटर या चालीने चालते असे धरले, तर पलीकडे जायला त्याला सात सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर कापते, म्हणजे सात सेकंदांत सत्त्याण्णव मीटर. याचा अर्थ असा की, सुरक्षित ओलांडायचे असेल तर त्या मुलाला शंभर मीटर लांबच्या गाडीचा वेग ओळखता आला पाहिजे. साधारण दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा नीट अंदाजच येत नाही. शिवाय त्याची उंची साडेतीन-चार फूट. कोपऱ्यावर एक लोटगाडी आणि दोन मोटारसायकली उभ्या असल्या की त्याला गाडी दिसत नाही आणि ड्रायव्हरला ते दिसत नाही. दोन्हीकडे बघ असे आपण सांगतो, पण बघायला जागाच ठेवत नाही.

वेगाचे गणित तर त्याहून बोलके आहे. मूल दिसल्यापासून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी आठ मीटर पुढे येते, आणि कोरडा रस्ता व चांगले ब्रेक असतील तर साधारण तेरा-चौदा मीटरच्या आत उभी राहते. ताशी ५० च्या वेगात मात्र ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंतच चौदा मीटर संपलेले असतात. चौदा मीटरवर मूल अचानक समोर आले, तर एक गाडी त्याच्यासमोर थांबते आणि दुसरी जवळजवळ पूर्ण वेगाने त्याच्यावर येते. फरक फक्त वीस किलोमीटरचा. म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला भरलेल्या जागतिक परिषदेने सांगितले की, जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० च्या वर असू नये. शाळेसमोरच्या चौकाला हा नियम लागू नसेल तर तो लागू कुठे व्हायचा?

काही लोक म्हणतील की हे युरोपातले लाड आहेत. त्यांच्यासाठी युरोपाचीच एक हकीकत. नेदरलँड्स म्हणजे आज सायकलींचा देश. पण तो नेहमीच तसा नव्हता. १९७१ साली त्या छोट्याशा देशात तीन हजारांहून जास्त लोक रस्त्यांवर मेले आणि त्यांत चारशेच्या वर मुले होती. विक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी शाळेच्या वाटेवर गेली. त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता, मुलांचे खून थांबवा. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आई-बाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, अपघात झालेल्या गल्ल्या त्यांनी गाड्यांसाठी बंद केल्या, खासदारांच्या दाराशी गेले. सरकारला वस्त्यांतल्या रस्त्यांची रचना बदलावी लागली. आज तिथली मुले एकटी सायकलवर शाळेत जातात. ती आपल्या मुलांपेक्षा जास्त शहाणी म्हणून जन्मली नाहीत. त्यांच्या आई-बापांनी आधी रस्ता बदलून घेतला.

आणि जवळचे उदाहरण हवे असेल तर मुंबईत भायखळ्याला मिर्झा गालिब मार्गावर पाहा. तिथल्या शाळेसमोर मुंबई महापालिकेने, रस्त्यांच्या अभ्यासकांना सोबत घेऊन, शाळेचा सुरक्षित पट्टा करून पाहिला. चालायला जागा आखली, ओलांडायचे पट्टे ठळक केले, इथे शाळा आहे हे ड्रायव्हरला लांबून कळेल असे रंग आणि खुणा केल्या. त्यासाठी पूल बांधावा लागला नाही. सुरुवात रंग, खांब आणि आखणी यांनी झाली. मुंबईच्या त्या गर्दीत हे होऊ शकते तर मेहरूणला किंवा वडजाई रोडला का होऊ नये?

तर आपल्या चौकासाठी मागायचे काय? अपघात झाला की आपण एकच मागणी करतो, गतिरोधक टाका. मग एका रात्रीत सिमेंटचा ढीग पडतो. त्यावर पाठीमागे बसलेल्या बाया उसळून पडतात, गरोदर बाईला दवाखान्यात नेताना जीव मुठीत धरावा लागतो. गतिरोधकाचेही माप ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच असा गोलसर हवा, आधी फलक हवा, वर पांढरे पट्टे हवेत. राष्ट्रीय महामार्गावर तर सहसा गतिरोधक देतच नाहीत. तिथे भुयारी मार्ग, पादचारी पूल, सिग्नल किंवा वेग कमी करायला लावणारे खडबडीत पट्टे मागावे लागतात. मागणी चुकीची असली की "नियमात बसत नाही" एवढ्या उत्तरावर अर्ज निकाली निघतो.

शहरातल्या रस्त्यावरच्या चौकासाठी मागण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. एक, ओलांडायचा पट्टा मुले जिथून खरोखर ओलांडतात तिथे असावा, अधिकाऱ्याला सोयीचा वाटेल तिथे नव्हे. दोन, तो पट्टा रस्त्यापेक्षा थोडा उंच केला तर तोच गतिरोधकाचे काम करतो. तीन, रस्ता रुंद असेल तर दुभाजकात मुलांना थांबता येईल एवढी सुरक्षित जागा, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघाव्या लागतील. चार, कोपऱ्यापासून दहा-पंधरा मीटरपर्यंत गाडी किंवा लोटगाडी उभी करायला बंदी, म्हणजे मूल आणि ड्रायव्हर एकमेकांना दिसतील. पाच, कोपऱ्याचे वळण थोडे काटकोनात आणणे. वळण ऐसपैस असले की मोटारसायकल वेग कमी न करताच वळते. सहा, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी डंपर आणि ट्रक यांना त्या रस्त्यावर मनाई. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली अशी मनाई करता येते.

आता हे सांगायचे कुणाला? इथेच आपली गाडी अडते. आपण नगरसेवकाकडे जातो, तो हायवेवाल्यांकडे बोट दाखवतो, हायवेवाले महापालिकेकडे. म्हणून आधी रस्ता कुणाचा ते शोधून काढा. मोहल्ल्यातला रस्ता बहुतेक वेळा महापालिकेचा असतो. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग असेल तर बहुधा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. गाड्या उभ्या करण्याचा, वेगाचा आणि माणूस नेमण्याचा प्रश्न शहर वाहतूक शाखेचा. शाळेच्या रिक्षा आणि बस यांचा प्रश्न आरटीओचा. आणि या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवणारी जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालते. अर्जाची एक प्रत तिथे जरूर द्या. रस्ता कुणाचा हेच कुणी सांगत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

अर्जात "ब्लॅक स्पॉट" हा शब्द वापरायचा असेल तर त्याचा अर्थही माहीत असावा. साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले असतील, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू झाले असतील, तर ती जागा ब्लॅक स्पॉट धरली जाते. हे आकडे पोलीस ठाण्याच्या नोंदीत असतात. पण आमचे सांगणे असे की, तुमचा चौक त्या यादीत यायची वाट पाहू नका. दहा जनाजे उठल्यावर मिळणारा सिग्नल फार महाग पडतो. रस्ता बनवणाऱ्यांवरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १९८ अ प्रमाणे रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेला किंवा अपंग झाला तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धमकी म्हणून नव्हे, पण अर्जात या कलमाचा उल्लेख असला की तो जरा लक्ष देऊन वाचला जातो.

शाळेच्या आतही दोन दारे आहेत. शिक्षण हक्क कायद्याखाली अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती सल्ला देणारी असते, पण सल्ला लेखी असला की त्यालाही वजन येते. दुसरे, महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे प्रमुख, आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचा माणूस. आपल्या शाळेत ही समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारायला काहीच हरकत नाही. नम्रपणे विचारावे. मुख्याध्यापक आपले विरोधक नसतात. त्यांनाही रोज दुपारी फाटकाशी उभे राहून धडकी भरते.

आता आपल्या वाट्याचे काम. पैगंबर साहेबांनी रस्त्यात बसणाऱ्यांना सांगितले होते की, बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क द्या. त्या हक्कांत येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास न होऊ देणे हाही एक हक्क आहे. आणि वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करण्याला त्यांनी सदका म्हटले. आपण काटा आणि दगड बाजूला करतो. कोपऱ्यावर आडवी लावलेली आपलीच गाडी काट्यापेक्षा कमी इजा करते काय? जुम्याच्या दिवशी मशिदीसमोरचा चौक पाहा. नमाजला उशीर होतोय म्हणून मोटारसायकली कशाही उभ्या राहतात आणि त्याच वेळी सुटलेली शाळेची मुले रस्त्याच्या मधून चालतात. ट्रस्टी साहेबांनी मनावर घेतले, इमाम साहेबांनी खुतब्याआधी दोन मिनिटे सांगितले आणि चार तरुण कोपऱ्यावर उभे राहिले तर हे एका जुम्यात सुधारते. यासाठी कलेक्टर कचेरीत जावे लागत नाही.

घरातल्या गोष्टी त्याहून जवळच्या. एका स्कुटीवर तीन मुले आणि आपण, हे दृश्य आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की ते धोक्याचे वाटत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला हेल्मेट कायद्याने लागते. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि लहान हेल्मेट लागते, आणि ते सोबत असताना वेग ताशी ४० च्या वर नेता येत नाही. मुलगा नववीत गेला की त्याला मोटारसायकल देणे हे प्रेम नव्हे. कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. आणि त्याने धडक दिलेले मूल कुणाच्या तरी घरचे असते, ते तर वेगळेच.

भगिनींसाठी दोन गोष्टी. गाडीवर मागे बसताना बुरख्याचा घेर आणि ओढणीचे टोक आवरून मांडीखाली घ्या, चाकाला जाळी बसवून घ्या. कापड चाकात अडकून होणारे अपघात एका क्षणात होतात. आणि मुले मगरिबनंतर मकतबला जात असतील तर त्यांच्या दप्तराला किंवा पिशवीला चमकणारी पट्टी शिवा. ती बाजारात मीटरवर मिळते. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो. गडद कपड्यातले मूल ड्रायव्हरला अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही, पट्टी असली की लांबूनच चमकते.

आणखी एक करता येईल. एका गल्लीतली दहा-बारा मुले एकाच शाळेत जात असतील तर त्यांची चालती बस करा. ठरलेल्या वेळी एक बाई किंवा एखादे निवृत्त चाचा पहिल्या घरापासून निघतात, वाटेत दारादारातून मुले सामील होतात, आणि सगळी एका रांगेत चौक ओलांडतात. आठवड्याचे सहा दिवस सहा घरांनी वाटून घेतले तर कुणावर भार पडत नाही. एकटे मूल ड्रायव्हरला दिसत नाही, रांग दिसते. रिक्षात कोंबून पाठवण्यापेक्षा हे सुरक्षितही आहे आणि फुकटही. शाळेत आरएसपीचे पथक असेल तर त्यांच्या शिक्षकांशी बोलून चौकातली वेळ ठरवून घ्या. पथक नसेल तर सुरू करायची मागणी करा.

आता या महिन्याचे काम. अपघात झाल्यावर आपल्याकडे संताप होतो. मूल डंपरखाली गेले आणि जमावाने डंपर पेटवला, अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. त्या आई-बापांचे दुःख आपण समजू शकतो. पण पेटलेल्या डंपरमुळे चौक बदलत नाही, उलट मोहल्ल्यातल्या पोरांवरच केसेस होतात. चौक बदलतो तो कागदावरच्या आकड्यांनी. म्हणून एक वही घ्या. सलग पाच दिवस शाळा भरण्याआधीची वीस मिनिटे आणि सुटल्यानंतरची वीस मिनिटे चौकात दोघांनी सुरक्षित जागी उभे राहा. किती मुले पायी ओलांडतात, त्यांतल्या मुली किती, कुठून ओलांडतात, त्या वेळात किती ट्रक आणि डंपर जातात, कोपऱ्यावर किती गाड्या उभ्या असतात, किती वेळा धडक होता होता वाचली, एवढेच लिहा. खाली चौकाचा साधा नकाशा काढा. दहावीतल्या मुलामुलींना हे काम सोपवले तर ती ते आपल्यापेक्षा नीट करतील, आणि त्यांना नागरिकशास्त्राचा एक धडाही मिळेल.

मग एक पानी अर्ज लिहा. पहिल्या परिच्छेदात चौक कोणता आणि शाळा कोणती. दुसऱ्यात तुमचे आकडे. तिसऱ्यात मागण्या, तीनपेक्षा जास्त नकोत. खाली पालकांच्या सह्या. फक्त आपल्याच मोहल्ल्याच्या नकोत. त्या चौकातून शेजारच्या कॉलनीतली मुलेही जातात, मराठी शाळेची, इंग्रजी शाळेची. त्यांच्या आयांच्या सह्या घ्या. ट्रक मुलाचे नाव विचारून ब्रेक लावत नाही, तेव्हा अर्जावरही सगळ्यांची नावे असू द्या. अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्या, महिन्याने पोच घेऊन पुन्हा जा, आणि काम झाले तर अधिकाऱ्यांना आभाराचे पत्र द्यायला विसरू नका. पुढच्या वेळी तेच पत्र दार उघडते.

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, चोपडा, कुठूनही तुमच्या चौकाचे पाच दिवसांचे आकडे आणि नकाशा आम्हाला पाठवा. आम्ही ते पुढच्या अंकांत छापू, म्हणजे एका गावाने केलेले दुसऱ्या गावाला कळेल. पहिली मोजणी येत्या सोमवारपासून सुरू करा. मंगळवारचे आकडे सोमवारपेक्षा बरे येतात, कारण तोवर कुठे उभे राहायचे ते कळलेले असते.